आठव्या नटावरचा ठिपका

दादा, तुमच्या पिकअपचा मॅनिफोल्ड अखेर मी काढून टाकला. इंजिनातला तापलेला धूर गोळा करून सायलेन्सरकडे धाडणारा तो ओतीव बिडाचा तुकडा तुम्ही दोनदा वेल्डिंग करून जगवला होता, पण या हिवाळ्यात तो तिसऱ्यांदा तडकला. गाडी आता तुमची नात चालवते. तीर्थपुरीच्या आसपासच्या मळ्यांतून मोसंबी भरायची आणि दिवस उगवायच्या आत जालन्याला पोचवायची, हा तिचा धंदा. मी नको म्हणालो होतो. ऐकेल तर तुमची नात कसली. थंडीत काचा वर करून बसते, आणि महिनाभर रोज डोकं दुखतं म्हणून सांगत होती. मी जागरणाला दोष देत राहिलो. मग एका रविवारी बॉनेट उघडलं तर तड्याच्या कडेने काजळीचा हा एवढा पट्टा उठलेला. लेक रोज त्या धुरात बसत होती. तिथेच ठरवलं, हे काम मीच करणार आणि पुरतं करणार. ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला जमतंय का पण? तुम्ही तर मिलमधी." खरंय. तुम्ही असतानाच मी तुमचं गॅरेज सोडून एमआयडीसीतल्या रोलिंग मिलला लागलो, त्यानंतर इंजिनाच्या नटला पाना लावलेला नाही. का सोडलं, ते तुम्ही कधी विचारलं नाही.

तसाच मॅनिफोल्ड कंपनीकडे मिळेना. भंगारात मिळत होते, पण तेही आपल्यासारखेच थकलेले. मग बाहेरचं हेडर घ्यायचं ठरलं. म्हणजे काय, तर बिडाच्या एका ठोकळ्याऐवजी चार नळ्या, चार सिलिंडरचा धूर वेगवेगळा घेऊन खाली एकत्र आणणाऱ्या. तुम्ही असतात तर म्हणाला असता, "ही शेवयांची भानगड नको मला." जालन्यातल्या दुकानदाराने आधी आरशासारखं चमकणारं हेडर पुढे केलं. "असा आवाज येतो की लोक वळून बघत्यात." मी म्हणालो, लोकांनी बघायला नको, पोरीचं डोकं दुखायला नको. तुम्ही शिकवलेलं एक तरी डोक्यात शिल्लक होतं: चमक बघू नको, पाटी बघ. इंजिनाला टेकणारी लोखंडी पाटी पातळ असली की तापून वाकते आणि धूर वाट काढतो. त्या चमकदार हेडरच्या पाटीवर मी स्टीलची पट्टी उभी धरली तर मधून उजेड दिसला. दुसऱ्याची पाटी बरी होती, पण नळ्यांचे जोड नटांना इतके चिकटून की पाना शिरायलाच जागा नाही. तिसरं हेडर काळं, ओबडधोबड, जाड पाटीचं. तुमच्या नातीने लोखंडाला लावायचं चुंबक, पट्टी, सगळं माझ्या हातून घेऊन स्वतः तपासलं आणि म्हणाली, "हेच." दुकानदाराचं तोंड उतरलं. सायलेन्सर आहे तोच ठेवायचा, आवाज वाढवायचा नाही, हे मी तिथेच सांगून टाकलं.

शनिवारी अंगणात काम काढलं. जुने नट गंजलेले. आदल्या दिवसापासून डिझेल सोडून ठेवलं होतं, तरी त्यातले दोन नट तासभर रडवून निघाले. काढलेले आठही नट मी एका डब्यात टाकले. इंजिनाचा माथा घासून साफ केला, फट बुजवणारं नवं गॅस्केट बसवलं, हेडर चढवलं. स्टीअरिंगच्या दांड्याला नळी लागत नाही ना, हे तिला चाक पुरतं फिरवायला लावून बघितलं. स्टार्टर नळीच्या फार जवळ येत होता, म्हणून त्या नळीला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळली. मग नवे नट आवळले, मधून सुरू करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, तुम्ही करायचात तसे. सगळ्यांत मागचा आठवा नट नळीच्या आड. दिसत नाही, हातानेच शोधावा लागतो. त्याला एकच पाना पोचतो: तुम्ही ग्राइंडरवर कापून, तापवून वाकवलेला तो तेरा नंबरचा रिंग पाना. तो मी इतकी वर्षं कपाटात ठेवला होता, मिलला जाताना बरोबर नेला नाही. अर्धा तास इंजिन चालवलं. धूर नाही, फुसफुस नाही. तिने टाळी वाजवली आणि लगेच किल्ली मागितली. "पप्पा, जल्दी करा, तिकडं माल भरून राह्यले." मी किल्ली खिशात घातली. म्हणालो, "रातभर थंड होऊ दे. सकाळी दुसऱ्यांदा आवळीन, मंगच न्यायची." ती चिडली. "आता तर आवळलं की! एवढं काय आडतंय?"

एवढं काय अडतं, हे मला पुरतं माहीत होतं: एकदा तापून गार झालं की गॅस्केट दबतं आणि नट सैल पडतात. दादा, मी तेव्हा बावीस वर्षांचा. थंडीचे दिवस, मित्राचं लग्न कुंभार पिंपळगावला. मी नवा पांढरा शर्ट घालून निघायच्या तयारीत. आदल्या दिवशी तुम्ही एका जीपचा मॅनिफोल्ड बसवलात, तापवलात, आणि पहाटे दुसऱ्या गावी मयतीला जाताना मला उठवून सांगितलंत, "थंड हाय तवर आठीच्या आठी आवळ. त्याबिगर गाडी देऊ नको." दहा मिनिटांचं काम. पण मागच्या नटसाठी खाली झोपावं लागणार, शर्ट काळा होणार. जीपवाला आला, त्याच लग्नाचं वऱ्हाड घेऊन जायचं होतं त्याला. मी किल्ली दिली आणि स्वतःही मागे चढलो. ताडपत्री सोडलेली, आत चौदा-पंधरा माणसं. अर्ध्या वाटेत फटफट सुरू झाली, मग वास. मी ओळखला. पण बोललो तर सगळ्यांना कळेल म्हणून ब्र काढला नाही. जीपवाल्याची म्हातारी आई पुढे, इंजिनाला पाय लावून बसली होती. ती एका बाजूला कलंडली तेव्हा कुठे गाडी थांबली. संध्याकाळी दवाखान्यात ती शुद्धीवर आली, देव पावला म्हणायचं. पण त्यानंतर ती कधी गाडीत बसली नाही.

तुम्ही परत आलात आणि विचारलंत. मी म्हणालो, "आवळलं होतं दादा. आठीच्या आठी." तुम्ही बॉनेट उघडून वाकलात, बराच वेळ बघत राहिलात, आणि मला चहा आणायला पाठवलंत. चहा घेऊन आलो तर जीपवाला चार माणसांत ओरडत होता आणि तुम्ही मान खाली घालून म्हणत होतात, "गॅस्केट मीच हलकं टाकलं. माही चूक हाय. पोराकडं काई न्हाई." आईने त्या दिवशी भाकरी वाढली ती दोघांच्याही ताटात तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी तो वाकवलेला पाना तुम्ही माझ्या हातात ठेवलात. "तुला ऱ्हाऊ दे." बस, एवढंच. मला वाटलं, दादांनी विश्वास ठेवला. त्या विश्वासाखाली मला गॅरेजमध्ये उभं राहवेना, म्हणून वर्षाच्या आत मी मिल धरली.

आज सकाळी गाडी गार होती. पहिल्याच नटला पाना लावला आणि तो पाव फेरा सहज फिरला. काल एवढा जीव खाऊन आवळलेला! दुसराही तसाच. मधून डावीकडे-उजवीकडे करताना चौथ्यापाशी माझा हिशेब चुकला, कुठला झाला, कुठला राहिला कळेना. तेवढ्यात जुन्या नटांचा डबा चाळत लेक म्हणाली, "पप्पा, ह्या नटांवर पांढरं काय हाय? तीन-चारांवर हाय बघा." मी नट हातात घेतला. चुना. तुमच्या तंबाखूच्या डबीतला चुना. लहानपणापासून ते ठिपके बघितले होते आणि मळताना तुमच्या बोटाचा लागला असेल असं समजत आलो होतो. दुसऱ्यांदा आवळायचं काम तुम्ही नेहमी एकटेच पहाटे करायचात, मी अंथरुणात असायचो. आवळून झालेल्या नटवर तुम्ही ठिपका द्यायचात, दादा, आणि त्या जीपच्या नटांवर एकही ठिपका नव्हता. ही खूण मला ठाऊकच असेल असं तुम्ही धरलं असणार; वाकलात तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. मग चहाला पाठवलंत. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि लेकीसमोर रडलो. तिला सगळं सांगितलं. तिने पाना उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मंग आता आठीच्या आठी करा. मी थांबते." कोपऱ्यावरच्या टपरीवरून चुन्याची पुडी तिनेच आणून दिली.

आठ ठिपके दिले. दहा वाजता ती गेली, दुपारी फोन आला: वास नाही, डोकं बिलकुल दुखलं नाही. हा कागद मी तुमच्या पान्याला गुंडाळून कपाटात ठेवणार आहे, तिथून तो कुठे जायचा नाही. म्हणूनच एक लिहून टाकतो. लेक टपरीवरून परतली, गाडीत बसली आणि हॉर्न वाजवून हसली. सात नट आवळून झाले होते, खांदा भरून आला होता, आणि आठवा नट दिसत नव्हता. त्याच्यावर मी ठिपका आधी दिला, पाना न लावताच. उठलो, हातही धुतले. मग परत खाली झोपलो आणि पाना लावला. पाव फेरा फिरला, दादा.