तिसऱ्या तळघरात दर्शना

रविवार, २ नोव्हेंबर

थॉर्नडीप घेतला. अखेर. गेम नवीन, पण बनवणाऱ्यांनी हट्टाने जुन्या पद्धतीचा केलेला. नकाशा नाही, बाण नाही, 'आता इकडे वळा' सांगणारं कुणी नाही. मेला तो मेला. मागे जाऊन पुन्हा सुरू करायची सोय नाही. हल्लीचे गेम हात धरून फिरवतात. त्याला खेळ म्हणत नाहीत, यात्रा कंपनी म्हणतात.

अंधेरीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी आणि चंदर असलेच गेम खेळायचो. सर जेवायला गेले की फ्लॉपी आत. हिरवा स्क्रीन. राक्षस म्हणजे इंग्रजीतलं एक अक्षर, आणि तेवढ्यालाही टरकायची. चंदरची. मी शांत असायचो.

संकल्प: नाताळपर्यंत तळाचा राक्षस मारणे. रोज फक्त एक तास.

चौघांची टोळी करायची असते. इंग्रजी नावं सुचेनात, आणि परक्या माणसासाठी जीवही तुटत नाही. म्हणून घरचीच घातली. योद्धा कुंडलिक (मी), वैद्य दर्शना (बायको), चोर प्रियंका (लेक; तिला विचारलं, तिने मोबाइलमधून मान वर न काढता हो म्हटलं), जादूगार चंदर. एकदा लिहिलेलं नाव बदलता येत नाही. तेही जुन्या पद्धतीने. ताकद फासे टाकून ठरते. कुंडलिकला शोभेल अशी ताकद पडेपर्यंत टाकत राहिलो. दुपार गेली.

मध्येच दर्शनाने येऊन सांगितलं, ऑपरेशनची तारीख मिळाली. एकवीस, शुक्रवार. पित्ताशयातले खडे. दुर्बिणीतून करतात, हल्ली दाढ काढण्यासारखं. मला अजिबात टेन्शन नाही. परवा डॉक्टर चित्र काढून समजावत होते तेव्हा मी उठून गेलो, ते गाडी नीट लावली आहे का बघायला. गाडी आणलीच नव्हती हे खाली गेल्यावर लक्षात आलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज तळघरात उतरलो. झकास! काळोख, कुठेतरी टपटप पाणी, मशालीचा चार फरशांपुरता उजेड. वळणापलीकडे काय आहे कळत नाही. हीच तर मजा. घरातले सगळे दिवे लावून खेळलो. डोळ्यांना बरं असतं.

योद्ध्याने पुढे चालावं असं मॅन्युअल म्हणतं. मी कुंडलिकला शेवटी ठेवलं. सेनापतीला मागून नीट दिसतं. पुढे कुणीतरी हवं, म्हणून गावातल्या सरायीतून एक भाडोत्री लढवय्या घेतला. गेमने त्याचं नाव विचारलं. समोर ऑफिसची मेल उघडी होती, देवव्रत लिहून टाकलं. आमचे साहेब.

देवव्रतला पहिल्याच वळणावर उंदराने मारलं. एका उंदराने. स्क्रीनवर आलं, देवव्रतचं नाव दगडावर कोरलं गेलं आहे. पोट धरून हसलो. दर्शना म्हणाली, काय झालं ते मलाही सांगा की. सांगितलं नाही. साहेबांचा मान राखायला हवा.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

साहेब ऑफिसला नाहीत. कालही नव्हते. प्यून अल्पेश म्हणाला, बाथरूममध्ये घसरले म्हणे, ॲडमिट केलंय. फोन लावला, बंद.

योगायोग.

मी विहारातल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा सचिव आहे. कुणाच्या दारावर लिंबू-मिरची दिसली की काढून त्याचं सरबत पितो. अख्ख्या कन्नमवार नगरला माहीत आहे. तेव्हा योगायोगच.

तरी घरी आल्याआल्या गेम उघडून दर्शना कशी आहे ते पाहिलं. ठीक होती. मग स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. तीही ठीक होती.

शनिवार, ८ नोव्हेंबर

वाट लागली.

ठरवलं होतं की दर्शनाला गुपचूप सरायीत परत नेऊन बसवायचं. बाकीच्यांनी लढावं. परत वळलो आणि पायाखालची फरशी खचली. चौघेही थेट तिसऱ्या तळघरात. तिथे कोळी. मोठा. दर्शनालाच चावला. इतके लोक होते, दर्शनालाच! आता तिच्या अंगात विष आहे. चाललं की चढतं, उभं राहिलं की थांबतं. उतारा फक्त वैद्याला येतो, वैद्य तीच, आणि तिचे मंत्र संपलेत. ते सरायीत झोपल्याशिवाय परत येत नाहीत.

हा असला गेम बनवणाऱ्यांच्या घरी कुणी आजारी पडत नसावं.

लॅपटॉप बंद केला की ते आहेत तिथेच अंधारात उभे राहतात. फाइल पुसून टाकता येते. पण पुसायची म्हणजे त्यातल्या माणसाचं काय होतं, हा विचार आला आणि मी दिवाणावर जाऊन बसलो. दर्शनाने विचारलं, पित्त झालं का? हो म्हणालो.

संकल्प: एकवीस तारखेच्या आत दर्शनाला वर आणणे. ऑपरेशनशी याचा संबंध नाही. तारीख सोयीची पडते, एवढंच.

रविवार, ९ नोव्हेंबर

विहारात माझं भाषण. विषय, योगायोग आणि आपण. ठासून सांगितलं की नाव, आकडा, ग्रह, यांचा माणसाच्या जिवाशी काडीचा संबंध नसतो. टाळ्या. समितीच्या अध्यक्ष शुभाताई म्हणाल्या, कुंडलिकसारखा निर्भय माणूस आपल्याकडे आहे हे आपलं भाग्य. चहाला थांबा म्हणत होत्या. घरी काम आहे म्हणून सटकलो.

काम केलं. दर्शनाला दोन फरशा पुढे नेलं. दार आलं. दारामागे कुणीतरी श्वास घेत होतं. हेडफोन काढले तरी ऐकू येत होता. कुकर होता. आज एवढं पुरे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

साहेब आले! चांगले रापून आले. अलिबागला सुट्टीवर होते, फोन मुद्दाम बंद ठेवलेला. घसरलं ते अल्पेशच्या बिल्डिंगमधलं कुणीतरी. त्याने दोन गोष्टींची भेळ केली होती. इतकं हलकं वाटलं की साहेबांना मिठी मारली. ते जरा मागे सरकले.

म्हणजे संबंध शून्य. सिद्ध झालं.

सहज विचारलं, बाकी तब्येत? म्हणाले, एकदम फिट, निघायच्या आदल्या दिवशी तेवढं पोट बिघडलं होतं, मंगळवारी.

उंदीर मंगळवारी चावला होता.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चंदर आला. वेसाव्याहून ताजे बोंबील घेऊन. दर्शनाला तेलकट बंद, म्हणून चंदरने तिच्यासाठी स्वतः उभं राहून बिनतेलाचं कालवण केलं. तिला बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी हसली.

त्याला सगळं सांगितलं. एका मित्राचं म्हणून सांगितलं. तो म्हणाला, अरे येड्या, आमच्या होडीला आयचं नाव हाय, सरूबाई. दर्यात जाते, लाटा खाते, दोनदा तळ फुटला तिचा. आय घरात बसून पान खाते नि मला शिव्या देते. मग म्हणाला, भीती वाटते ना तुला, मग दर्शनावैनीला सांग. कॉम्प्युटरला काय सांगतोस?

मी म्हणालो, भीतीचा प्रश्नच नाही, गेमच्या डिझाइनचा आहे. नकाशा आपण हाताने काढायचा, आणि तो जुळतच नाही. आलेखाच्या कागदावर केवढा बारीक काढला होता. चंदरने तो घेतला, पाहिला आणि फिरवून माझ्या हातात दिला. आठवडाभर उलटा धरला होता. म्हणजे दर्शना इतके दिवस भलत्याच दिशेला चालते आहे. विष अंगात घेऊन.

रविवार, १६ नोव्हेंबर

नकाशा सुलटा धरल्यापासून प्रगती. पण सापळे. प्रत्येक फरशी आधी प्रियंकाकडून तपासून घ्यावी लागते. एखादी राहिली की खालून भाले येतात.

दर्शना शेजारी येऊन बसली. हॉस्पिटलची बॅग भरत होती. म्हणाली, अहो, भूल देतात तेव्हा नेमकं काय होतं हो? मी म्हणालो, काही होत नाही, थांब, इथे भाले आहेत. ती जरा वेळ बसली. मग टॉवेलच्या घड्या करायला लागली.

नंतर प्रियंका म्हणाली, बाबा, आई तुमच्याशी बोलत होती. मी म्हणालो, हे सगळं तिच्यासाठीच चाललंय. प्रियंकाने स्क्रीन पाहिला, त्यावर आईचं नाव पाहिलं, आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मी लॅपटॉप अर्धा मिटला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

वर जाणारा जिना सापडला! लांबवर दिसतो आहे. दर्शनात जेमतेम धुगधुगी. शेवटची मशाल. ऑफिसला रजा टाकली होती, पण डोळे दुखायला लागले, आणि मशाल जपायला हवी.

उद्या सकाळी ॲडमिट. मी पूर्ण शांत आहे. दर्शना जेवताना म्हणाली, उद्या तुम्ही असाल ना जवळ? म्हणजे काय, म्हणालो. कुठे जातोय मी?

संकल्प: लॅपटॉप घरी ठेवणे. बॅगेत घातला, पण चार्जर घातला नाही.

चार्जरही घातला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

घाटकोपर, हॉस्पिटल. जमेल तसं लिहितो.

वरच्या मजल्याच्या जिन्यात प्लग आहे. पाणी आणतो सांगून तिथे बसलो. स्क्रीनवर पायऱ्या समोर. प्रियंकाचा फोन आला, आईला आत नेतायत, लवकर या. दोन मिनिटं म्हणालो. इतक्या जवळ येऊन तिला अंधारात कसं सोडणार? पुन्हा फोन. घेतला नाही. मोबाइल पालथा ठेवला. दोन मिनिटं तासभर लांबली. एकेक फरशी तपासत, थांबत, श्वास घेत नेलं तिला. पायरी आली. आनंदात शेवटची फरशी तपासायची राहिली.

भाले.

दर्शनाचं नाव दगडावर कोरलं गेलं आहे.

पुढचं मला नीट आठवत नाही. प्रियंका सांगते की मी धावत खाली आलो आणि ऑपरेशन थिएटरच्या दारावर हात आपटत, थांबवा, ती गेली, ती गेली, असं ओरडत सुटलो. बाकावर बसलेल्या दुसऱ्याच पेशंटच्या घरच्यांनी रडायला सुरुवात केली. चंदरने मागून कव घालून मला धरलं. शुभाताई समितीच्या लोकांना घेऊन भेटायला आल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. आणि मी म्हणे त्यांच्या पायाशी बसून म्हणालो, ताई, नाव मीच घातलं होतं.

डॉक्टर बाहेर आले. कोण गेलं म्हणून विचारलं. ऑपरेशन कधीच आटोपलं होतं. खडे निघाले, पेशंट शुद्धीवर येते आहे, ह्यांनाच कुणीतरी बसवा, म्हणाले.

संध्याकाळी दर्शना बोलली. आवाज अगदी बारीक. म्हणाली, स्ट्रेचरवरून नेताना मान वळवून बघत होते. तुम्ही दिसला नाहीत, तेव्हाच समजले, हे कुठेतरी कोपऱ्यात बसून घाबरतायत. मग म्हटलं, आता मी घाबरून कसं चालेल? घरात एकानेच घाबरायचं असतं. लग्न झाल्यापासून माझा नंबरच लागला नाही.

लाज वाटली. खूप वाटली.

बुधवार, २६ नोव्हेंबर

दर्शना घरी. टाके ओले आहेत, पण चालते-फिरते.

शुभाताईंचा निरोप आला. पुढचं भाषण दुसरं कुणीतरी करेल, तुम्ही आराम करा. माझ्या प्रकृतीची त्यांना फार काळजी.

संकल्प, आणि हा शेवटचा: दर्शनाचं ऐकून घेणे. सगळं. मध्ये न बोलता.

आजच केलं. दुपारी लॅपटॉप कपाटात ठेवून तिच्या पलंगाशी खुर्ची घेऊन बसलो. म्हणालो, आज तुझा नंबर. काय काय वाटलं ते सांग. मी खंबीर आहे.

ती म्हणाली, मास्क तोंडावर ठेवला तेव्हा आधी वाटलं, दूध बाहेरच राहिलं, नासेल. आणि मग वाटलं, मी उठलेच नाही तर तुम्हाला डबा कोण...

इथे माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. हातपाय गार. म्हणालो, एक मिनिट. खुर्चीवरून खाली फरशीवर बसलो. सकाळपासून नीट खाल्लं नव्हतं, म्हणून असेल.

डोळे उघडले तेव्हा ती समोर उभी होती. एका हाताने टाके धरलेले, दुसऱ्या हातात माझ्यासाठी पाण्याचा तांब्या. म्हणाली, राहू दे, माझं काही एवढं नव्हतं.