ती चक्कर नव्हती

रविवार, ९ नोव्हेंबर

जाऊबाईंना नमस्कार.

घरी सगळे बरे असतील. आम्हीही बरे. यांचा गुडघा अजून कुरकुरतोय. विचारपूस झाली, आता कामाचं.

सासूबाईंचा फोन आला होता. लसीकरणाच्या खोलीत मी तुम्हाला सगळ्यांदेखत ढकललं, त्याची माफी मागावी असं त्यांचं म्हणणं. मागणार नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा ढकलीन, आणि जरा जोरातच.

तुम्ही घरभर सांगत फिरताय की पोरीला नुसती चक्कर आली आणि या नर्सबाईंनी उगाच मांडीत सुई खुपसून तमाशा केला. अहो, सुईला घाबरून चक्कर येणारी मुलं मी रोज बघते. पांढरीफटक पडतात, आडवं केलं की थोड्या वेळात उठून पाणी मागतात. हिच्या अंगभर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजला होता, आवाज घोगरा झाला होता. अशी रिॲक्शन लाखात एखाद्याला येते, म्हणून तर लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवतो. मी तिला आडवी केली, तर तुम्ही “ऊठ, नाटकं पुरे” म्हणत दंड धरून तिला उभी करत होतात. अशा वेळी उभं केलं की रक्तदाब कोसळतो. रिॲक्शन थांबवणारं इंजेक्शन भरायला मला दोन्ही हात हवे होते, म्हणून खांद्यानं ढकललं.

ते टोचल्यापासून ती नीट बोलेपर्यंत माझं काय झालं, ते तुम्हाला सांगून उपयोग नाही.

तुम्ही चक्कर का म्हणता तेही मला कळतं. रिॲक्शन म्हटलं की तिचा दंड कोण ओढत होतं, हे निघतं. मी ते कधीच काढलं नसतं. पण सासूबाई बोलता बोलता बोलून गेल्या, की गुरुवारी दुसऱ्या केंद्रावर तुम्ही तिला पुढचा डोस देणार, मागचं काही न सांगता. ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय द्यायचा नाही, असं नंतर तिला हॉस्पिटलमध्ये नेल्यावर बजावलं तेव्हा मान कोण डोलवत होतं?

त्या केंद्रावरच्या सिस्टरला मी काल फोन करून सगळं सांगितलंय. ती लस देणार नाही.

आता तुम्ही मला दारात उभं करणार नाही. मला मूल नाही म्हणून तुमच्या पोरीवर डोळा, हेही ऐकवाल. ऐकवा. तिला माझ्याशी बोलू देऊ नका, माझ्यापासून लांब ठेवा. पण जिवंत ठेवा.

तुमची कुणीच नाही,
तिची काकू