उजव्या सीटवर मी नसताना

मी, सौ. जानकीबाई विश्वासराव इंगळे, माहेर देवास, राहणार धार, आपल्या पश्चात घरात घोळ नको म्हणून हे मृत्युपत्र करून ठेवते. माझ्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडले आहेत, मूत्रपिंडांनीही हात टेकले आहेत. बुद्धी मात्र जागेवर आहे. मला कोणी धमकावले नाही. उलट मीच घरातल्यांना धमकावून पाहिले, कोणी ऐकले नाही, म्हणून हा कागद. मजकूर माझा, लिखाण दत्तोपंत वकिलांचे. त्यांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला आहे. वर यजमानांचे नाव आले आहे तेही त्यांनीच घातले. मी ते लग्नात उखाण्यात घेतले, त्यानंतर कधी नाही. पुढे जिथे "हे" येईल तिथे तेच समजावेत.

१. देवासचे टेकडीखालचे घर मला वडिलांकडून आले. ते ह्यांनी हयातभर वापरावे, नंतर ते मुलगी कृतिका हिचे. या कलमात मी अट घातली होती की ह्यांनी मी घेतलेले यंत्र (ते कोणते, हे चौथ्या कलमात येईल) बंद ठेवून आपले विमान उडवले तर घर त्याच दिवशी कृतिकेचे. दत्तोपंतांनी लिहिता लिहिता हात थांबवला. म्हणाले, "काकू, वर जाऊन बघणार कोण?" अट खोडली.

२. बँकेतली शिल्लक आणि माझे दागिने कृतिकेला. ती हिंदी शाळेत शिकली, मराठी वाचायला बसली की अडखळते. तेव्हा हे तिला कोणीतरी वाचून दाखवावे, आणि चौथे कलम सावकाश वाचावे.

३. शिलाई मशीन आमच्या कामवाल्या पार्वतीला, ती माझ्या घरात फार राबली. पुरणयंत्र नणंद रुक्मिणीवन्संना. ते कृतिकेच्या बारशापासून त्यांच्याकडेच आहे, आता हक्काने वापरावे. "विमानात बायको कशाला न्यायची, उगीच वजन," असे त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या. ते मी विसरलेले नाही, एवढेही कागदावर असू द्यावे.

४. आता मुख्य गोष्ट. ह्यांचे दोन सीटचे विमान धारच्या हवाईपट्टीवर असते. ह्यांच्या घराण्यात पूर्वी घोडे होते. घोडे गेले, हौस राहिली. विमान ह्यांच्या नावावर आहे, त्यामुळे मला ते कोणाला देताही येत नाही आणि विकताही येत नाही. चालवायचे ह्यांनी आणि उजवीकडे लक्ष ठेवायचे मी, असा आमचा शिरस्ता. माझे डोळे तेव्हा चांगले होते. घारसुद्धा आधी मला दिसायची.

एकदा राजगढकडून धारला उतरायला येत होतो. उजवीकडून, जरा वरून, शिकाऊ मुलांचे विमान थेट आमच्यावर येताना मला दिसले. मी ओरडले, "अहो!" हे वळले आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "काय गं?" आयुष्यभर हेच झाले आहे. मी अहो म्हणते, हे माझ्याकडे बघतात. घरात ते फार गोड वाटते. ते विमान आमच्या डोक्यावरून गेले तेव्हा त्याच्या पोटावरचे तेलाचे ओघळ मला दिसले. ह्यांना ते शेवटपर्यंत दिसले नाही. खाली उतरल्यावर म्हणाले, "वाचलो ना? मग झालं तर."

त्यानंतर मी पहिल्या कलमातले ते यंत्र विकत घेतले. आसपासची विमाने आपला ठावठिकाणा हवेत कळवत असतात, तो हे यंत्र पकडते, पडद्यावर ठिपका दाखवते आणि कोणत्या बाजूला, वर की खाली, ते बोलून सांगते. ते "अहो" म्हणत नाही, दिशा सांगते. मला आयुष्यात जे जमले नाही ते त्याला जमते. जे विमान काही कळवत नाही ते याला दिसत नाही, घारही दिसत नाही. म्हणून डोळे पडद्याला लावून बसायचे नाही. कुठे बघायचे ते यंत्राने सांगायचे, बघायचे आपणच.

हे ते लावत नाहीत. "तू असताना परक्या बाईचं कशाला ऐकू?" म्हणतात, कारण त्यातला आवाज बाईचा आहे. माझे डोळे गेल्यावरही मला उजवीकडे बसवून नेत राहिले. मी म्हटले, मला समोरचा पंखासुद्धा दिसत नाही हो. तर म्हणाले, "विमान मोठं असतं, तेवढं दिसेल." मी धुरकट उजेडाकडे बघत देवाचे नाव घेत बसायची. आता मला उठवत नाही आणि हे एकटे जातात. हवाईपट्टीवरचा मिस्त्री वीरेंद्र म्हणतो, "काकीजी, मैं तो रोज के रियो हूँ, बाऊजी चालू कर लो, पण वे सुनें तब नी!" कृतिका म्हणते, "आई, पप्पा कधी कुणाचं ऐकतात का? छोड़ ना, तू टेन्शन नको घेऊ." डॉक्टर दरवेळी ह्यांना ठणठणीत म्हणून कागद देतात. विमानाचा आवाज घरावरून गेला की मी पलंगाची कड धरून ठेवते. मला भीती वाटते. याहून जास्त मला काही करता येत नाही.

हे यंत्र माझे आहे. ते मी ह्यांना देत आहे, कृतिकेला नाही. बायकोची शेवटची वस्तू म्हणून तरी चालू करतील.

५. यंत्रासाठी मी बाग गावच्या ठशाच्या कापडाची पिशवी शिवली होती. फार सुरेख झाली, तिथेच चुकले. "इतकी छान पिशवी, त्यातच राहू दे," म्हणून हे यंत्र तिच्यातून काढतच नाहीत. ती पिशवी कृतिकेने घेऊन जावी आणि भाजी आणायला वापरावी.

६. मी गेल्यावर हे माझा फोटो विमानात उजव्या सीटवर लावतील. मी ह्यांना ओळखते. वीरेंद्रने तो काढून घरी पाठवावा, ह्यांनी कितीही आरडाओरडा केला तरी. फोटो असला की हे त्याच्याकडेच बघत बसतील. अहो, माझ्याकडे नका बघू. बाहेर बघा.

वरील मजकूर ऐकून, समजून, दत्तोपंतांनी बोट ठेवून दाखवलेल्या जागी मी सही केली आहे. ओळ वाकडी असली तरी सही माझीच.

सौ. जानकीबाई वि. इंगळे

साक्षीदार, आमच्या देखत सही झाली:
वीरेंद्र चौहान, मिस्त्री, धार
अजेय दत्तोपंत खांडेकर, देवास

ठिकाण: धार
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५