मुरमावरचं घर

उमापूर शिवार,
पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय पंडित,

नाव वाचून दचकला असाल. दचका. लग्नात बायकांनी दार अडवलं म्हणून उखाण्यात एकदा घेतलं होतं, त्यानंतर जन्मभर ‘अहो’, ‘आमचे हे’ आणि ऊसतोडीच्या टोळीतल्या बायकांत ‘आमचं माणूस’. आज सरळ घेतलं, आणि जीभ काही झडली नाही माझी. ‘प्रिय’ लिहिलं ते शाळेत बाईंनी मायना तसा शिकवला म्हणून, त्याचा भलता अर्थ लावत बसू नका. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही बोलायचं आणि मी हूं हूं करायचं ही आपली जुनी रीत. कागदावर तुम्हाला मधेच तोंड घालता येत नाही.

युवराजनं तुमचा निरोप सांगितला. माझा सख्खा भाऊ, पण त्या दिवशी तुमचाच भाऊ वाटला मला. दसरा झाला की टोळीची गाडी येणार, शिवकन्येला म्हणावं बोचकं बांधून ठेव, यंदा पुन्हा जोडीनं ऊस तोडायला जाऊ आणि कारखाना बंद झाला की तिच्याच रानात येऊन राहू. जिच्यापायी मला सोडलंत ती रतन घर सोडून पळाली, कुणाचा तरी हात धरून गेली, असंही तुम्ही त्याला सांगितलंत. सांगून झाल्यावर तो माझ्या तोंडाकडं बघत बसला, आता ही आनंदानं रडती का काय म्हणून. ‘दाजी येतेत म्हन्ल्यावर तुला काईच वाटना का गं?’ मी म्हणलं, भिंतीच्या गिलाव्याला पाणी मारायचंय, चहा पिऊन घे. गेला तोंड वाकडं करून.

तुम्हाला बायको नकोय, पंडित. तुम्हाला जोडी पुरी करायला माणूस पाहिजे. नवरा-बायको मिळून एक कोयता, हा आपल्या धंद्याचा हिशेब, आणि एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्या सालात तुम्ही भर हंगामात माझ्या पाचटाच्या कोपीतनं उठून रतनच्या कोपीत गेलात. मुकादमाला सांगितलंत की आमची जोडी हाय, काम अडायचं न्हाई. आणि मग मुकादमानं सगळ्या टोळीसमोर माझ्याकडं बोट केलं, ‘आता ह्या अर्ध्या कोयत्याचं काय करायचं?’ तुम्ही तिथंच उभे होता. बिडी ओढत होता. नवऱ्यानं सोडलं याचं दुःख होतंच, पण मला अर्धं म्हणलं आणि तुम्ही बिडी ओढत राहिलात, याची आग अजून गेलेली नाही. आणि जायलाही नको.

खोटं कशाला बोलू, लई जीव होता माझा तुमच्यावर. ऊस तोडताना माझ्या पायावर कोयता बसला होता, तेव्हा तुम्ही डोक्याचा रुमाल फाडून बांधलात आणि माझ्या वाट्याच्या मोळ्याही स्वतः वाहिल्यात. मुकादम हसला तर त्याच्यावर धावून गेलात. तो माणूस खरा होता की नंतरचा, यावर मी लई डोकं फोडलं. लेकरू झालं असतं तर थांबला असतात का, हेही पुष्कळ वेळा मनात आलं. आता येत नाही. दर साली नव्या गावच्या वावरात पोचलो की तुम्ही मुकादमाबरोबर चहाला जायचात आणि कोपी मी उभी करायची. बांबू वाकवायचे, पाचट बांधायचं, वर ताडपत्री ओढायची. निघताना मोडून टाकायची. म्हणजे इतकी वर्षं घरंच बांधत होते की मी! फक्त त्याला घर कुणी म्हणलं नाही.

माहेरी आले तर युवराजनं साडी आणून ठेवली. आमच्यातली रीत तुम्हाला ठाऊक आहे. भावानं साडीचोळी करायची आणि बहिणीनं बापाच्या जमिनीच्या हक्कसोडीवर मुकाट सही करायची. मी म्हणलं, साडी वहिनीला दे, मला माझं रान दे. गावभर बोंब झाली. बहीण निघाली का वैरीण! भावकी बसली, तलाठ्याकडं खेटे झाले, शेवटी मला शिवेवरचा कडेचा तुकडा मिळाला, अर्धं काळं रान आणि अर्धा मुरमाड माळ. एक जुनी बोअर आणि एक बाभूळ. युवराजला वाटलं, आठ दिवसांत पळून येईल. बाईमाणूस एकटं रानात राहतं का कुठं, असं जो तो म्हणायचा. मी म्हणायचे, राहिलं की सांगते.

पण राहायला घर पाहिजे, आणि बांधून द्यायला कुणी तयार नाही. नवरा टाकून आलेल्या बाईच्या रानात कशाला जा, असं गवंड्यांचं म्हणणं. टाकलं कुणी कुणाला, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. मग मी राधाकिशन मिस्त्रीच्या हाताखाली बिगारी म्हणून लागले. आपल्याकडं बाईनं घमेलं वाहायचं, थापी, ओळंबा, दोरी हे सगळं गड्यांचं. एक दिवस मी म्हणलं, मिस्त्री, मला भिंत शिकवा. मिस्त्री म्हणाले, ‘बाई थापी धराया लागली तर माल कोण वाहील?’ मी म्हणलं, तुमी वाहा. सगळे गडी खो खो हसले, आणि मिस्त्रीही हसले म्हणून निभावलं. मग रोज सगळे भाकरीला बसले की तेवढा वेळ मला थापी मिळायची, मागच्या बाजूच्या भिंतीवर, जिथं कुणाची नजर जात नाही. मी दोन थर लावायचे, मिस्त्री येऊन भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा धरायचे आणि पायानं पाडायचे. ‘हात बरा हाय, घाई वाईट हाय.’ उपाशीपोटी शिकले मी ती विद्या. गड्यांनी माझं नाव ‘मिस्त्रीणबाई’ पाडलं, चिडवायला. मी हाकेला ओ द्यायचे, मग चिडवण्यात त्यांनाच मजा राहिली नाही.

आणि मग मोठा शहाणपणा केला. वाटलं, आलं सगळं. बोअर काळ्या रानात आहे, वाटही तिकडूनच आहे, म्हणून घर तिथंच धरलं. गुडघाभर खणलं, दगड भरले आणि चढले की वर. विटा भिजवल्या, सांध्यावर सांधा येऊ दिला नाही, ओळंब्यात केसाचा फरक नव्हता. पाऊस झाला, रान फुगलं, मग ऊन पडलं तसं ते आत ओढलं, आणि माझी भिंत वरपासून खालपर्यंत अशी फाटली की आतनं बाहेरची बाभूळ दिसायची. काळ्या रानाला भेगा पडतात हे शेतकऱ्याच्या लेकीला काय ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं, पण ज्वारीच्या रानात ठाऊक होतं. मिस्त्री बघायला आले. त्यांनी एवढंच विचारलं, ‘पाया कधी बघितलाच न्हाई का गं तू?’ आणि खरंच बघितला नव्हता. बांधकामावर पाया जेसीबी खणतो, गडी भरतात, आणि भिंत वर यायला लागली की मग आम्हा बायकांना हाक मारतात. घमेलं जिथनं सुरू होतं तिथनंच घर सुरू होतं, असं मला वाटत आलेलं. युवराज कुंपणाजवळ उभा राहून म्हणाला, ‘झाली हौस?’ मी म्हणलं, न्हाई. एकेक वीट सोडवली, कोयत्याच्या पाठीनं चुना-सिमेंट खरवडलं आणि सगळ्या विटा डोक्यावर माळावर नेल्या. मुरूम लागेपर्यंत खणलं. पहारीनं हाताची सालं निघाली, रोज संध्याकाळी तुम्हाला शिव्या देत हळद-तेल लावायचे. त्या शिव्यांचा लई आधार झाला.

पाण्याचं वेगळंच. बोअरची मोटार सारखी जळायची. स्टँडजवळ सोमेश्वरचं मोटार दुरुस्तीचं दुकान आहे, तो दर वेळी नवी गोष्ट सांगायचा आणि मी मान हलवायचे. तिसऱ्यांदा नेली तेव्हा मी म्हणलं, भाऊ, दुरुस्त करू नका, शिकवा. ‘शॉक बसल, मावशी.’ बसला की सांगते, म्हणलं. बसलाही, दात वाजले कडकडा. पण स्टार्टर खोलायचा, कंडेन्सर बदलायचा, केबल जोडून त्याला पाणी लागणार नाही अशी पट्टी मारायची, सगळं शिकले. आता हंगामात गडीमाणसं ऊस तोडायला गेली की मागं राहिलेल्या म्हाताऱ्या मलाच बोलावतात. यंदा उन्हाळ्यात खुद्द युवराजची मोटार बंद पडली. दोन दिवस वाट बघितली त्यानं, मग आला मान खाली घालून. उंदरानं वायर कुरतडली होती, बाकी काही नाही. चालू करून दिली तर म्हणतो, ‘तायडे, गावात कुणाला सांगू नको.’ मी पहिल्यांदा जाऊन वहिनीलाच सांगितलं. म्हणजे गावात झालंच.

भिंती एकटीनं होतात, पंडित, पत्रे होत नाहीत. वाऱ्यात एकटीनं पत्रा चढवायला गेले तर तो मलाच घेऊन उडायला निघाला. ते काम राहून राहून आषाढात झालं. आम्ही दोरानं ओढून वर घेतले, आणि मी वर बसून हुक आवळले. एक खोली, चूल, न्हाणी, बाहेर शेळ्यांना आडोसा. काळ्या रानात आता तूर आणि बाजरी आहे, रान ज्याच्यासाठी असतं त्याच कामाला लागलं. पत्र्याखाली पहिली भाकरी थापली त्या दिवशी मी मोठ्यानं रडले. आनंद होता, पण राग जास्ती होता. एवढी एक गोष्ट करायला मला कुणी परवानगी देईल म्हणून मी निम्मं आयुष्य थांबले, याचा राग. तुमच्याबरोबर गाडीत मी चढणार नाही, हे आता वेगळं सांगायला नको. आणि या रानात तुम्ही राहायला यायचं नाही. युवराजला काहीही बोलू द्या, घर माझ्या हातचं आहे आणि जमिनीवर नाव माझं आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते ऐका. नुसत्या निरोपासाठी मी कागद खराब केला नसता, गाडी आली असती आणि रिकामी गेली असती. पण परवा कळलं की तुम्ही माजलगावकडं रतनच्या गावी जाऊन तिच्या म्हाताऱ्या बापाच्या दारात बसताय, लेक कुठं दडवली म्हणून त्याला घाण घाण बोलताय, त्याची एकुलती शेळी सोडून नेलीत. त्या बिचाऱ्याला काही माहीत नाही. रतन कुणाचा हात धरून पळाली नाही. रतन माझ्याकडं आहे; युवराजला वाटतं, मजुरीला ठेवलेली बाई. आषाढ लागता लागता आली, मनगट सुजून काळंनिळं, आणि ते कुणी पिरगाळलं हे तुम्हाला सांगायची गरज नाही. दारात बघितली तेव्हा झिंज्या उपटून हाकलावी वाटलं, आणि मी तसं तिला तोंडावर बोलले. ती म्हणाली, ‘उपटा, पन आदी पाणी द्या.’ दिलं पाणी. हात बरा झाल्यावर पत्र्याचा दोर खालनं तिनंच धरला. माझी तिच्यावर माया बसलीय असं समजू नका. काही दिवस सकाळी तिचं तोंड बघितलं की अजून मी भांडी आपटते, आणि तिलाही ते कळतं. पण तिच्यापायी म्हातारा भोगणार नाही. मी तिला विचारलं, कळवू का पंडितला, तू इथं हायेस म्हणून? म्हणाली, ‘कळवा, आता मी कुटं पळू?’ तेव्हा शेळी आधी म्हाताऱ्याच्या दारात नेऊन बांधा, आणि पुन्हा त्या उंबऱ्याकडं फिरकू नका. रतनला न्यायचंच असेल तर इकडं या. दिवसा या, एकटे या, युवराजला मधे घालू नका. तिला हाक मारू नका. आधी माझ्याशी बोलावं लागेल. मी दारात उभी असेन आणि ती माझ्या मागं.

माझी मीच,
शिवकन्या