आत्याला, मधल्या शांततेबद्दल

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (सध्या मान आणि उजवा खांदा असे धरलेत की वाकणं फक्त पत्रातच जमतंय, तेव्हा गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तू करत नसणार, उलट त्यांनाच दोन नवे शिकवून आली असशील. आतोबांना सांग, त्यांनी दिलेला थर्मास अजून फुटलेला नाही. मी सुखरूप आहे, म्हणजे जेवतेखाते, झोपही लागते. बाकी सुखाचं काही खरं नाही.

हे पत्र मी सभागृहाबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. आत इस्त्रीभाऊची परीक्षा चालू आहे, त्याच्यानंतर माझी. (इस्त्रीभाऊ हे मी ठेवलेलं नाव. मुलगा वाईट नाही, पण सकाळच्या चहालासुद्धा कडक इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि पाव खाताना डाव्या हाताने ताल धरतो.) रविवारी आमच्या वाद्यवृंद-संचालनाच्या शिबिराचा समारोप आहे. बाकीच्या शिकाऊ संचालकांना वादकांकडून वाजवून घ्यायला आपापले तुकडे मिळाले, शेवटचा आणि सगळ्यांत मोठा तेवढा उरलाय, आणि तो आम्हा दोघांपैकी एकालाच मिळणार. ज्याला मिळणार नाही त्याने आपलं वाद्य घेऊन वादकांत बसायचं. म्हणजे मी पुन्हा व्हायोला घेऊन मागच्या रांगेत, जिथून इतकी वर्षं मला पुढच्या माणसाच्या टकलाखेरीज काही दिसलेलं नाही. आत्या, मला हा तुकडा हवाय. दुसरं काही इतकं हवं झाल्याचं आठवत नाही.

नुसते हात हलवायला महिनाभर वसतिगृहात राहून काय शिकायचं असतं, असं तू निघताना विचारलं होतंस. मलाही मनातून तसंच वाटत होतं. आमच्या शिक्षकांना इथे सगळे मौनीबाबा म्हणतात, कारण ते दिवसाकाठी चारच वाक्यं बोलतात आणि चारही लागतात. पहिल्याच तालमीला त्यांनी वादकांना बजावलं, “या बाई जे दाखवतील तेच वाजवायचं. त्यांना वाचवायचं नाही.” एरवी मुरलेले वादक नवशिक्या संचालकाकडे बघतच नाहीत. पहिल्या व्हायोलिनवाल्याच्या गजाकडे डोळा ठेवून निभावून नेतात, आणि समोरचा हवेत हात मारत समजत राहतो की सगळं आपणच चालवतोय. (घराबाबत आतोबांची साधारण हीच समजूत आहे, पण ते असो.)

त्यात मी आल्या दिवशीच स्वतःच्या चष्म्यावर बसले. तेव्हापासून तो नाकावर ठरत नाही. (दोरी बांध म्हणशील. बांधली. मान हलली की कानामागून सुटते.) त्या तालमीत चष्मा घसरला आणि मी सवयीने डाव्या हाताने वर सारला. डावा हात वर म्हणजे आवाज वाढवा. ट्रम्पेटवाले तर वाटच बघत होते. मी दचकून दोन्ही हात खाली घेतले, तर सगळे चिडीचूप. माफी मागायला एक हात वर केला, तर बासरीवाली एकटीच सुरू झाली, आणि बिचारी इतकी छान वाजवत होती की तिला थांबवायचा धीर होईना. मौनीबाबांनी कपाळाला हात लावला. नशीब, तो हात बघून कोणी काही वाजवलं नाही.

पण चष्म्याचं दुखणं वरवरचं आहे. खरं दुखणं म्हणजे त्या तुकड्याच्या मध्यावरची शांतता. सगळे गर्जत येतात आणि एकदम थांबतात. मग काही म्हणजे काही नाही. किती वेळ थांबायचं ते कागदावर लिहिलेलं नसतं, ते संचालकाने ठरवायचं आणि त्याने खूण केली की सगळ्यांनी एका क्षणात पुन्हा सुरू करायचं. तिथे मी गोठते. हात वर, हातातली काडी वर, समोर पन्नास-साठ माणसं श्वास धरून बसलेली, आणि मला वाटत राहतं की अजून कोणीतरी ‘हं’ म्हणायचं राहिलंय. काल मौनीबाबांनी विचारलं, “परवानगी कोणाची बघताय?” मी काय सांगणार? की आमच्या आत्याने हनुवटी किंचित वर उडवली की आम्ही जेवायला बसायचो, पाहुणे उठायचे आणि भांडणं मिटायची, आणि ती उडेपर्यंत घरात काही सुरू व्हायचं नाही?

गेल्या वर्षीचा, मी गाणं शिकवते त्या शाळेचा कार्यक्रम आठवतो ना? (तक्रार नाही, नुसती आठवण.) तू पहिल्या रांगेत होतीस. गाणं रेंगाळतंय असं तुला वाटलं आणि तू बसल्या जागी हनुवटी उडवलीस. मुलं माझ्या खांद्यावरून तुझ्याकडेच बघत होती. माझा हात दुसऱ्या कडव्यात होता तोवर ती गाणं संपवून प्रेक्षकांना नमस्कार करत होती.

दार उघडलं. इस्त्रीभाऊ बाहेर आला. शर्ट पाठीला चिकटलाय, त्यावरून त्याचं चांगलं गेलं की वाईट ते कळत नाही. मला बोलावतायत. जाते.

आले. घाईघाईने लिहितेय, अक्षर लागलं नाही तर आतोबांकडून वाचून घे.

सुरुवात बरी गेली. गर्जनेच्या जागी चष्मा सरकायला लागला, आणि मी सगळ्यांना थांबवलं तेव्हा तो नाकाच्या शेंड्यावर होता. शांतता. समोर सगळं धूसर. डावा हात चष्म्याला लावावा तर ट्रम्पेट सुटणार. इतका वेळ गेला की वरच्या ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू यायला लागली. कोणाची तरी खुर्ची करकरली. संपलं, असं वाटलं, घरी काय सांगायचं त्याचं वाक्यही तयार झालं. आणि मग मी हनुवटी उडवली. तुझीच, किंचित वर. आत्या, सगळे एकदम आले. एकही माणूस मागेपुढे नाही. पायाखालची फळी हादरलेली मला कळली, आणि पुढचं सगळं मी रडत रडतच केलं, पण ताल सोडला नाही.

शेवटी मौनीबाबा जवळ आले आणि म्हणाले, “हे कुठून आणलंत?” मी म्हटलं, घरचं आहे. त्यांनी मान डोलावली आणि रविवारी हेच करा म्हणून सांगितलं. तुकडा मला मिळाला. इस्त्रीभाऊने स्वतः येऊन हात मिळवला, आणि आता वऱ्हांड्यातल्या आरशासमोर हनुवटी उडवायचा सराव करतोय.

आतोबांना नमस्कार. व्यायाम कर.

तुझी,
भाची

ता. क. रविवारी यायचं तुझ्या मनात असेल. प्रवास लांबचा, गुडघा तसा, शिवाय इथल्या खुर्च्या कडक आहेत. आणि वादक प्रेक्षकांकडे तोंड करून बसतात, हेही लक्षात घे. मी तर म्हणेन, येऊ नकोस.

ता. क. २ तुझ्यापासून काय लपवायचं? हनुवटी मी चष्म्यासाठी उडवली होती. हात मोकळा नव्हता, म्हटलं झटक्याने तरी वर जाईल. मौनीबाबांना हे सांगितलेलं नाही. आणि आताच माझ्या खोलीतल्या ट्रम्पेटवालीने मोठ्या प्रेमाने चष्म्याची दांडी पक्कडीने वाकवून दिली. आता तो हलतच नाही. मग रविवारी हनुवटी कशाने उडणार?

ता. क. ३ तू येच. पहिल्या रांगेत मधली खुर्ची तुझ्या नावाने आधीच धरून ठेवलीय. हात मांडीवर ठेव. शांततेत मी अगदीच अडकले असं वाटलं, तर हनुवटी तेवढी उडव. माझी पाठ तुझ्याकडे असेल, मला दिसणार नाही. त्यांना दिसेल. पण त्याआधी, आत्या, एकदाच नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांब.