हॉल तापत नाही

४ जानेवारी
घरात हीटर एक, खोल्या तीन. हॉल म्हणजे मैदान. तिथे हीटर लावायचा म्हणजे नुसती छताला ऊब. माझी खोली काडेपेटीएवढी. दार लोटलं की चहा निवायच्या आत तापते. तेव्हा ठरलं. संध्याकाळी सगळ्यांनी माझ्या खोलीत बसायचं. हे गेल्यापासून मला सोबत लागते म्हणून नाही हं. विजेची बचत.

५ जानेवारी
सगळे आले. मुलगा पलंगाच्या कडेला, सूनबाई स्टुलावर, नात माझ्या रजईत. सूनबाईला म्हटलं, तू आलीस आणि खोली आणखी लहान झाली बघ, आता आणखी लवकर तापेल. ती हसली नाही. थंडीने गाल आखडले असतील.

८ जानेवारी
मुलगा म्हणतो पाय लांब करता येत नाहीत. लग्नाआधी याच पलंगावर मुटकुळं करून झोपायचा. नात म्हणते आजीचे पाय गार लागतात. ती माझ्याच बाजूची आहे, लाडाने बोलते.

११ जानेवारी
आज फक्त नात आली. तीही चार्जर न्यायला. बाकीचे हॉलमध्ये शाली गुंडाळून गाठोड्यांसारखे बसलेत. उद्या इलेक्ट्रिशियनला बोलावते. जाणकार माणसाचं तरी ऐकतील.

१२ जानेवारी
त्याला जिन्यातच गाठून पढवलं, एवढंच सांग की या हीटरने हॉल तापणार नाही. वर चहा पाजला. सगळ्यांसमोर तो शब्द न शब्द तेच बोलला. मी सूनबाईकडे ऐटीत पाहिलं. मग मेला पुढे म्हणाला, हॉलला मोठा लागतो, खोलीच्या मापाने हीटर घ्यायचा असतो. आणि टेप काढली. टेपचं दुसरं टोक धरलं नातीने. माझ्या नातीने.

१५ जानेवारी
मोठा हीटर आला. मुलगा म्हणाला, आई, लहान हीटर आता तुझ्या एकटीचा, तुला कोणाची अडचण नको. त्या मेल्या इलेक्ट्रिशियनने माझाच चहा पिऊन माझाच घात केला. हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही. येतील आपोआप परत.

१६ जानेवारी
खोली झकास तापली. घाम आला. हॉलमधून हसण्याचे आवाज. बळंच हसत असतील.

१७ जानेवारी, संध्याकाळी
हॉलमध्ये जाऊन बसले. हीटरजवळच्या जागा गेलेल्या. खिडकीखालची खुर्ची मिळाली, तिथे ऊब पोचत नाही. सूनबाई म्हणाली, आई, तुमच्या खोलीत किती छान ऊब आहे. म्हटलं, आहेच. पण इथले कोपरे तापतात की नाही, कोणीतरी बघायला नको का?
नाही तापत. उद्याही येऊन बघावं लागेल.