हनुवटीखालची मूठ

३ जून
चाकणच्या कंपनीत डॉक्टर म्हणून रुजू झाले. चऱ्होलीला घरमालक दादासाहेबांच्या बंगल्याचा वरचा मजला भाड्याने मिळाला. आम्ही दोघीच, मी आणि माझी सात वर्षांची दिव्या. ती गच्ची बघूनच खूश.

खाली दिवाणखान्यात दादासाहेबांच्या खापरपणजोबांचं, रंगरावांचं तैलचित्र आहे. जुन्या चित्रांतल्या माणसांचे आजार ओळखणं हा माझा नाद. डावी पापणी अर्धी मिटलेली, हनुवटी मुठीवर टेकवलेली. घरचे म्हणतात, पाटलांचा रुबाब. कसला रुबाब, जबडा लोंबू नये म्हणून आधार दिलाय. मायस्थेनिया, स्नायू दुबळे करत जाणारा आजार. आधी पापणी, मग जबडा, शेवटी श्वास. तिथेच चित्रासमोर दिव्याकडून एकेका अक्षराला टाळी वाजवत ते नाव पाठ करून घेतलं. दादासाहेबांची आई छबूबाई भडकल्या. म्हणाल्या, रंगरावांपुढं तेंच्या दुखण्याचं नाव घिऊ न्हाई, आमी त्या दुखण्याला नुसतं पाव्हणा म्हणतो. घ्या, आता डॉक्टरला शिकवा.

७ जून
रंगरावांची पापणी आज उघडी वाटली. चाकण चौकात तासभर अडकून आलं की काहीही दिसतं.

९ जून
दिव्याची डावी पापणी उतरलीय. पिंपरीला मोठ्या दवाखान्यात नेलं. रिपोर्टमध्ये काही नाही. तरी मी त्याच आजाराच्या गोळ्या सुरू केल्या.

१२ जून
गोळ्यांचा उपयोग नाही. दिव्या हनुवटीखाली मूठ धरून बसते. चित्रात रंगरावांचा हात मांडीवर आलाय. तीनदा खाली जाऊन पाहिलं.

१३ जून
छबूबाईंचे पाय धरले. रडत म्हणाल्या, नाव ज्याच्या कानात पडतं, पाव्हणा त्याच्याकडं जातो. आता पोरीनंच ते दुसऱ्याच्या कानात सांगायचं, दुसरा इलाज न्हाई. दिव्या शेजारीच बसून ऐकत होती.

१४ जून
तिची जीभ जड झालीय. सकाळपासून तिच्या ओठांना कान लावून बसलेय. मा— एवढंच येतं. श्वास अडकतोय. मीच शिकवलं, माझ्याच तोंडाला आग लागो. टाळ्या वाजवतेय, बाळा, आठव—
दुपारी अख्खं नाव बोलली.

१६ जून
दिव्या गच्चीवर पळतेय. माझी पापणी उतरली. देवा, पावलास.

१८ जून
एक हात हनुवटीखाली, एकाने लिहितेय. बोलणं बोबडं. दिव्या सारखी तोंडाशी कान आणते. म्हणते, आई, नाव सांग, मला परत दे. दात आवळून—

१९ जून
झोपेत मा— मा— बडबडते म्हणे मी. छबूबाईंना लिहून दिलं, पोरीला खाली ठेवा. पळून आली परत. उशाशी बसलीय. तोंडात पदराचा बोळा— श्वास पुरत नाही— काढला तर—

डोळा लागतोय. दिव्या, जा— तिचा कान माझ्या ओठांशी—